दिवसाचा भत्ता दोन डॉलर

आर.ई.एम. या अमेरिकन बँडची कुठलीही जुनी रेकॉर्ड उलटून पाहा. गाणी कुणाची, हे सांगणाऱ्या जागी बहुतेक वेळा एकच ओळ सापडते: बेरी, बक, मिल्स, स्टाइप. इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली चार आडनावं. शब्द स्टाइपने लिहिलेले असोत, चाल बकच्या गिटारवर सापडलेली असो किंवा गाण्याचा मोठा भाग ड्रम वाजवणाऱ्या बेरीने घरून बांधून आणलेला असो, श्रेय चौघांचं. पैशाचे वाटेही चार, आणि चारही सारखे.

रॉकच्या व्यवहारात ही ओळ फार मोलाची आहे. अमेरिकेत गाणं रेडिओवर वाजलं की रॉयल्टी मिळते ती ते रचणाऱ्याला. ते गाणाऱ्याला किंवा त्यात वाजवणाऱ्याला रेडिओ केंद्राकडून काही मिळत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षं एकाच गाडीतून हिंडलेल्या चार मित्रांपैकी एकजण घर बांधतो आणि दुसरा भाड्याच्या खोलीतच राहतो, असं सर्रास घडतं. मग पुढच्या रेकॉर्डमध्ये माझं गाणं घ्या की तुझं, यावरून कुरबुरी सुरू होतात आणि एक दिवस बँड फुटतो. आर.ई.एम.च्या चौघांनी ही भांडणाची जागाच बुजवून टाकली, आणि तीही अगदी सुरुवातीला, खिशात काही नसताना. जोडीला आणखी एक नियम केला: चौघांपैकी एकानेही नको म्हटलं तर ती गोष्ट करायची नाही. बहुमताचा प्रश्नच नाही.

आपल्याकडे बऱ्याच जणांची या बँडशी ओळख झाली ती १९९१ सालच्या 'लुझिंग माय रिलिजन' या गाण्यातून. त्यातलं मँडोलिन आणि जालंधरमध्ये जन्मलेल्या तरसेम सिंग यांनी चित्रित केलेला व्हिडिओ अनेकांच्या लक्षात राहिला. तोवर हा बँड जगभर पोहोचला होता. पण त्यांची खरी कमाई त्याआधीच्या आठ-दहा वर्षांतली आहे. त्यांचं संगीत वेगळं होतं हे तर आहेच. ते वेगळं राहू शकलं ते या दोन नियमांमुळे आणि ज्या गावात ते जुळले त्या गावामुळे, असं माझं मत आहे.

गावाचं नाव अथेन्स. ग्रीसमधलं नव्हे, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातलं. अटलांटापासून पूर्वेला शंभर-एक किलोमीटरवर. १९८० साली गावाची वस्ती चाळीस हजारांच्या थोडी वर होती आणि गावाचा सगळा जीव जॉर्जिया विद्यापीठात होता. हे विद्यापीठ १७८५ साली स्थापन झालेलं. विद्यापीठात चित्रकलेचा चांगला विभाग, गावात स्वस्त भाड्याची जुनी लाकडी घरं, आणि दरवर्षी नव्याने येणारी वीस वर्षांची मुलं. मोठ्या शहरात बँड काढायचा तर तालमीची जागा, वाद्यं ठेवायची जागा आणि पोटापाण्याची नोकरी यांतच माणूस संपतो. अथेन्समध्ये आठवड्यातले काही तास दुकानात काम केलं की भाडं निघायचं. उरलेला वेळ आपला.

गावाला थोडा अनुभवही होता. याच गावातल्या पाच मित्रांनी १९७६ मध्ये 'द बी-५२ज' नावाचा बँड जमवला, १९७७ च्या फेब्रुवारीत एका घरगुती पार्टीत पहिल्यांदा वाजवलं आणि दोन वर्षांत ते न्यूयॉर्क गाजवू लागले. मागोमाग चित्रकलेच्या विद्यार्थ्यांचा 'पायलॉन' आला. यांपैकी कुणी पट्टीचे वादक नव्हते. लोकांना नाचवता आलं पाहिजे आणि दुसऱ्या कुणासारखं वाजता कामा नये, एवढीच त्यांची अट. त्यामुळे अथेन्समधल्या पोरांना एक गोष्ट डोळ्यांसमोर घडलेली दिसली होती: न्यूयॉर्कला किंवा लॉस एंजेलिसला न जाताही सुरुवात करता येते.

या गावात वक्स्ट्री नावाचं रेकॉर्डचं दुकान आहे. तिथे पीटर बक काऊंटरवर असायचा. जन्म १९५६ चा, कॅलिफोर्नियातला. अटलांटामधलं शिक्षण अर्धवट सोडून आलेला. दुकानातल्या रेकॉर्ड ऐकणं, घरी नेणं, पुन्हा ऐकणं हेच त्याचं खरं शिक्षण. गिटार यथातथाच येत होती. दुकानात येणाऱ्या एका लाजऱ्या मुलाने नेमक्या त्याच रेकॉर्ड उचलायला सुरुवात केली ज्या बकने स्वतःसाठी बाजूला ठेवल्या होत्या. पॅटी स्मिथ, टेलिव्हिजन, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड. तो मुलगा मायकेल स्टाइप, जन्म १९६० चा, सैन्यातल्या वडिलांच्या बदल्यांमुळे गावोगावी वाढलेला आणि आता अथेन्समध्ये चित्रकला शिकणारा. पंधराव्या वर्षी पॅटी स्मिथची 'हॉर्सेस' ऐकल्यापासून आपणही हेच करायचं हे त्याच्या मनात पक्कं होतं.

उरलेले दोघे जॉर्जियातल्याच मेकन गावचे. माइक मिल्स आणि बिल बेरी एकाच शाळेत होते आणि सुरुवातीला त्यांचं अजिबात पटत नव्हतं. मिल्स सरळमार्गी, अभ्यासू, बेरी उनाड. एकदा कुणाच्या तरी घरी वाजवायला म्हणून बेरी गेला तर समोर बेस गिटार घेऊन मिल्स उभा. बेरी निघूनच जाणार होता, पण ड्रम मांडून झाले होते. ते पुन्हा गोळा करून गाडीत घालायचा कंटाळा आला, म्हणून थांबला. पुढे ते दोघे एकमेकांचे इतके जुने जोडीदार झाले की १९७९ मध्ये अथेन्सला विद्यापीठात आले ते बरोबरच. बेस आणि ड्रम ही जोडी आधीच एकजीव झालेली असणं हे नव्या बँडचं मोठं भांडवल. आर.ई.एम.च्या पहिल्या दिवसापासूनच्या नेटक्या लयीचं कारण मला इथे दिसतं.

बक आणि स्टाइप ओकोनी स्ट्रीटवरच्या एका जुन्या एपिस्कोपल चर्चमध्ये राहत होते. उपासना कधीच बंद झालेली. पुढच्या भागात आतल्या आत खोल्या काढून त्या भाड्याने दिलेल्या, आणि मागच्या बाजूला चर्चची मूळ जागा तशीच मोडकळीला आलेली. तालमी तिथे चालत. त्यांच्या एका मैत्रिणीने आपल्या वाढदिवसाला वाजवा म्हणून आग्रह धरला आणि ५ एप्रिल १९८० रोजी त्याच चर्चमध्ये, खच्चून भरलेल्या गर्दीपुढे, चौघांनी पहिल्यांदा वाजवलं. साठच्या दशकातली गाजलेली गाणी, पंकमधली काही, आणि मधूनमधून स्वतःची. अजून बँडला नाव नव्हतं. पुढे शब्दकोश उघडून बोट ठेवलं आणि तीन अक्षरं निवडली.

त्या रात्री ते फार मोठं काही वाजवत होते असं समजायचं कारण नाही. पण उन्हाळा संपेपर्यंत त्यांच्या स्वतःच्या गाण्यांची संख्या भराभर वाढली आणि गावातल्या टायरोन्ससारख्या क्लबांत त्यांना ऐकायला रांगा लागू लागल्या. जुलैमध्ये ते पहिल्यांदा राज्याबाहेर, नॉर्थ कॅरोलायनात वाजवायला गेले. तिथे जेफरसन होल्ट नावाचा तरुण त्यांना भेटला. तो इतका भारावला की सगळं आवरून अथेन्सला आला आणि त्यांचा मॅनेजर झाला. कायद्याचा विद्यार्थी असलेला बर्टिस डाउन्स हा त्यांचा चाहता त्यांना फुकट सल्ला देऊ लागला. पुढे तोच त्यांचा वकील आणि अखेरपर्यंतचा सल्लागार. चौघांचंही शिक्षण सुटलं.

यानंतरचं दीड वर्ष हा या कथेचा कणा आहे. होल्टच्या जुन्या निळ्या व्हॅनमध्ये ड्रम, अँप्लिफायर आणि पाच माणसं. गाडी चालवणारा होल्टच. जेवणाखाण्याचा भत्ता माणशी दिवसाला दोन डॉलर. दक्षिणेतली गावामागून गावं: पिझ्झाची दुकानं, बार, विद्यापीठांची सभागृहं. आज अशा बँडसाठी ठरलेले क्लब असतात, दौरे आखून देणाऱ्या संस्था असतात. तेव्हा यातलं काही नव्हतं. ज्या गावात कुणीतरी ओळखीचं असेल तिथे फोन करायचा, त्याच्याच घरी जमिनीवर झोपायचं आणि पुढच्या गावातल्या माणसाचं नाव घेऊन निघायचं. अमेरिकेभर असे बँड याच काळात आपापल्या वाटा पाडत होते. कॅलिफोर्नियातून 'ब्लॅक फ्लॅग', मिनेसोटातून 'हुस्कर डू' आणि 'द रिप्लेसमेंट्स'. एकाने शोधलेला क्लब दुसऱ्याला सांगायचा, दुसऱ्याने तिसऱ्याला. पुढे ज्याला अल्टरनेटिव्ह रॉक म्हणू लागले त्याचा नकाशा या गाड्यांच्या चाकांनी काढला.

मात्र गाडी पोहोचण्याआधी गाणं पोहोचायला हवं. ते काम कॉलेज रेडिओने केलं. हा भाग नीट समजून घ्यायला हवा, कारण अल्टरनेटिव्ह रॉकचा उगम कुठल्या शैलीत शोधण्यापेक्षा इथे शोधणं मला जास्त योग्य वाटतं.

अमेरिकेत एफएम पट्ट्याचा ८८ ते ९२ मेगाहर्ट्झ हा खालचा भाग बिगरव्यापारी, मुख्यतः शैक्षणिक केंद्रांसाठी राखून ठेवलेला आहे. १९४५ पासूनचा हा नियम. त्यामुळे अनेक विद्यापीठांकडे स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र असतं आणि ते विद्यार्थीच चालवतात. जॉर्जिया विद्यापीठाचं डब्ल्यूयूओजी १९७२ पासून ९०.५ वर सुरू आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस व्यापारी केंद्रांवर काय वाजायचं हे मोजके सल्लागार ठरवू लागले होते. श्रोता केंद्र बदलणार नाही अशी ओळखीची गाणी, तीच ती, दिवसभर. नव्या अनोळखी बँडला तिथे दार बंद. विद्यापीठाच्या केंद्राला मात्र जाहिराती मिळवायच्या नव्हत्या. रात्री दोन वाजता माइकसमोर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला जे आवडलं ते तो लावत असे. ही केंद्रं काय वाजवतात याची नोंद करून ती एकमेकांना कळवणारं 'सीएमजे' नावाचं पत्रक त्याच सुमारास निघालं, आणि सुटी सुटी बेटं एकमेकांना दिसू लागली. जॉर्जियात वाजलेलं गाणं ओहायोतल्या विद्यार्थ्याने मागवलं, असं होऊ लागलं. बँड ज्या गावी जायचा तिथल्या केंद्रावर दुपारी मुलाखत, रात्री कार्यक्रम. श्रोते, रेडिओवाले आणि वाजवणारे सगळे एकाच वयाचे, जवळपास सारख्याच खोल्यांत राहणारे.

या साखळीत घालायला एक तबकडी हवी होती. एप्रिल १९८१ मध्ये चौघे नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला मिच ईस्टरकडे गेले. ईस्टर स्वतः गिटारवादक. आईवडिलांच्या गॅरेजमध्ये त्याने ड्राइव्ह-इन नावाचा स्टुडिओ थाटला होता. तिथे 'रेडिओ फ्री युरोप' मुद्रित झालं आणि जुलैमध्ये हिब-टोन या अटलांटातल्या चिमुकल्या कंपनीने ते सिंगल म्हणून काढलं. पहिल्या खेपेला १००० प्रती. त्यांतल्या ६०० विकायच्या नव्हत्याच. रेडिओ केंद्रं आणि समीक्षकांना पाठवायच्या होत्या. वेष्टनावर कंपनीचा पत्ताही छापायचा राहून गेला होता. तरी प्रती संपल्या आणि आणखी ६००० काढाव्या लागल्या. वर्षअखेरीस 'न्यूयॉर्क टाइम्स'ने वर्षातल्या दहा उत्तम सिंगल्समध्ये तिचं नाव घेतलं. पत्ता नसलेली तबकडी इतकी फिरली, याचं श्रेय मी त्या रात्री दोनच्या निवेदकांना देते.

आता मोठ्या कंपन्यांचं लक्ष जाणं साहजिक होतं. आरसीएने चाचणी ध्वनिमुद्रण करून घेतलं. पण चौघांनी निवडली ती आय.आर.एस. ही तीन वर्षांची कंपनी, आणि तिथवरचा रस्ता बिल बेरीच्या जुन्या नोकरीतून जात होता. मेकनमध्ये असताना तो कलाकारांचे कार्यक्रम ठरवणाऱ्या एका एजन्सीत काम करायचा. तिथे त्याची इयन कोपलंडशी दोस्ती झाली होती. इयनचा एक भाऊ स्टुअर्ट हा 'द पोलिस' या बँडचा ड्रमवादक, आणि दुसरा भाऊ माइल्स हा पोलिसचा मॅनेजर आणि आय.आर.एस.चा संस्थापक. या भावांची पद्धत ठरलेली होती: मोठ्या जाहिरातींवर पैसे उधळायचे नाहीत, बँडला स्वस्तात जागोजागी वाजवायला पाठवायचं, जिथे दुसरं कुणी जात नाही तिथेही. याच विचाराने माइल्स कोपलंड यांनी पोलिसला १९८० च्या मार्चमध्ये मुंबईत आणलं होतं. तेव्हा परदेशी रॉक बँड आपल्याकडे क्वचितच यायचे. मुंबईतल्या त्या कार्यक्रमानंतर काही दिवसांतच, तिकडे अथेन्समध्ये वाढदिवसाची ती पार्टी झाली.

मे १९८२ मध्ये करार झाला आणि ऑगस्टमध्ये 'क्रॉनिक टाउन' ही पाच गाण्यांची ईपी आली. तीही ईस्टरच्या गॅरेजमध्येच, करार होण्याआधी मुद्रित झालेली. खरी परीक्षा पुढे होती.

कंपनीला पहिला पूर्ण अल्बम जरा चकचकीत हवा होता. म्हणून स्टीफन हेग या निर्मात्याबरोबर १९८२ च्या अखेरीस एक गाणं मुद्रित करून पाहायचं ठरलं. हेग काटेकोर माणूस. त्याने एकच गाणं पुन्हा पुन्हा वाजवून घेतलं, इतकं की वाजवणाऱ्यांचा, विशेषतः बेरीचा, धीर सुटला. मग त्याने ध्वनिफीत बॉस्टनला नेली आणि बँडला न विचारता तिच्यावर सिंथेसायझरचे थर चढवले. हेगने पुढे इंग्लंडमधल्या इलेक्ट्रॉनिक बँडबरोबर उत्तम काम केलं. त्याच्या कौशल्यात खोट नव्हती. तो या चौघांसाठी चुकीचा माणूस होता, एवढंच. पहिलाच अल्बम, पहिलीच कंपनी, आणि पंचविशीच्या आसपासचे गायक-वादक. अशा वेळी बहुतेक जण मान डोलावतात. यांनी कंपनीला सांगितलं, आम्हाला ईस्टर हवा. कंपनीने पुन्हा चाचणी मागितली. ईस्टरने आपला मित्र डॉन डिक्सन याला जोडीला घेतलं, 'पिल्ग्रिमेज' हे गाणं मुद्रित करून पाठवलं आणि ते ऐकून कंपनीने होकार दिला.

१९८३ च्या जानेवारी-फेब्रुवारीत, शार्लट शहरातल्या रिफ्लेक्शन साउंड स्टुडिओत 'मर्मर' तयार झाला. काय करायचं नाही याबद्दल चौघे ठाम होते. गिटारची लांबलचक एकल करामत नको. त्या वर्षी सगळीकडे वाजणारे सिंथेसायझर नकोत. दोन वर्षांनी ऐकताना काळ ओळखू येईल असं काहीच नको. आज चाळीस वर्षांनंतर 'मर्मर' ऐकताना हा हट्ट किती शहाणपणाचा होता ते कळतं. त्या वर्षातल्या कितीतरी रेकॉर्ड ड्रमच्या पहिल्या ठोक्यालाच आपलं साल सांगून टाकतात. ही सांगत नाही.

मग यात आहे काय? बकची गिटार आधी ऐकावी. रॉकमध्ये सहसा स्वरसंघाच्या सगळ्या तारा एकदम छेडून जाड, भरीव आवाज काढतात. बक त्याच स्वरसंघातले स्वर एकेक करून, सुटे, अखंड छेडत जातो. वाद्य रिकनबॅकर बनावटीचं, घंटेसारखा स्वच्छ नाद असलेलं. हा नाद साठच्या दशकात 'द बर्ड्स'नी लोकप्रिय केला होता. पण पंक ऐकून मोठा झालेला बक तो जास्त वेगात आणि घाईने वाजवतो. गिटार अशी हलकी, पसरट झाली की तळाशी जागा मोकळी होते. ती जागा मिल्सने घेतली. संगीताचं रीतसर शिक्षण झालेला चौघांतला तोच, आणि बेसवर तो नुसता ठेका धरत नाही, स्वतंत्र सुरावट गातो. अनेक गाण्यांत आपण गुणगुणतो ती ओळ मुळात बेसची असते. बेरी मोजकं आणि नेमकं वाजवतो. शिवाय मिल्स आणि बेरी दोघेही गातात, आणि स्टाइपच्या खाली-वर त्यांच्या वेगळ्याच ओळी चालू असतात. त्यामुळे पहिल्यांदा ऐकताना मुख्य गाणं कुठलं, असाच प्रश्न पडतो.

आणि स्टाइपचा आवाज. भावगीतावर वाढलेल्या मराठी कानाला हा सगळ्यात मोठा धक्का असतो. आपल्याकडे शब्द आधी कळले पाहिजेत; सुधीर फडक्यांच्या गाण्यात एकही अक्षर सुटत नाही. स्टाइप सुरुवातीच्या वर्षांत शब्द तोंडातल्या तोंडात गातो, आणि आवाज वाद्यांच्या वर नेऊन ठेवण्याऐवजी त्यांच्यातच मिसळलेला असतो. 'मर्मर'साठी तो स्टुडिओतल्या जिन्यात, अंधारात उभा राहून गायला. जे शब्द कळतात तेही गोष्ट सांगत नाहीत. तुटक चित्रं एकामागून एक येतात. 'रेडिओ फ्री युरोप' पहिल्यांदा मुद्रित झालं तेव्हा त्याचे शब्द पक्के झालेलेही नव्हते. हे दुर्बोधतेचं सोंग आहे असा आक्षेप तेव्हाही होता. मला तो पटत नाही. बंदिशीचे शब्द अर्धेमुर्धेच ऐकू येऊनही भाव पोहोचतो, याची सवय असलेल्या आपल्यासारख्या श्रोत्यांना तर तो पटू नये. स्टाइपचा आवाज काय म्हणतो हे कळलं नाही तरी कसं म्हणतो ते पूर्ण कळतं. त्यात एक ओढ आहे, आणि ऐकणाऱ्याला आपला अर्थ घालायला जागा आहे. अमेरिकेतल्या हजारो विद्यार्थ्यांनी तेच केलं.

मुखपृष्ठावर जॉर्जियातला कुड्झू दिसतो. मूळ जपानचा हा वेल. जमिनीची धूप थांबावी म्हणून १९३० च्या दशकात सरकारनेच दक्षिणेत लावायला लावला, आणि काँग्रेस गवताने आपली मोकळी रानं खाल्ली तसं त्याने तिकडची झाडं, खांब, पडकी घरं गिळून टाकली. हे चित्र निवडण्यात मला त्यांच्या दक्षिणीपणाची खूण दिसते. त्या काळी दक्षिणेतला रॉक म्हणजे लांब केस, लांब गिटारवादन आणि यादवी युद्धातल्या दक्षिणेचा झेंडा. यांनी आपल्या मातीतलं वेगळंच काही उचललं: वेल, आगगाडीचे जुने लाकडी पूल, आणि समरव्हिलचे धर्मोपदेशक-चित्रकार हॉवर्ड फिन्स्टर. भंगारातून आणि टाकाऊ वस्तूंतून फिन्स्टरनी उभारलेल्या बागेत 'रेडिओ फ्री युरोप'चा व्हिडिओ चित्रित झाला. पुढच्या अल्बमच्या मुखपृष्ठावरचं चित्रही त्यांचंच.

'मर्मर' एप्रिल १९८३ मध्ये आला. बिलबोर्डच्या यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत गेला. विक्री साधारण दोन लाख. मोठ्या कंपनीच्या हिशोबात हा आकडा किरकोळ. पण वर्षाच्या शेवटी 'रोलिंग स्टोन'च्या समीक्षकांनी वर्षातला उत्तम अल्बम म्हणून तोच निवडला, आणि मागे पडलेल्यांत मायकेल जॅक्सनचा 'थ्रिलर', पोलिसचा 'सिंक्रोनिसिटी' आणि यू-टूचा 'वॉर' होते.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये पोलिसच्या आधी वाजवायची संधी आली. सत्तर हजारांच्या आसपास लोक, आणि त्यांतले बहुतेक दुसऱ्याच कुणाची वाट पाहणारे. असल्या मैदानांत उगाच आधी वाजवण्याचा प्रकार त्यांना मानवला नाही. दूरचित्रवाणीवर मात्र ते आपल्या पद्धतीने गेले. ६ ऑक्टोबर १९८३ रोजी डेव्हिड लेटरमनच्या कार्यक्रमात देशभर दिसण्याची पहिलीच वेळ. लेटरमन गप्पा मारायला आला तर बक आणि मिल्स बोलले. स्टाइप मागे ड्रमच्या चौथऱ्यावर बसून राहिला. दोन गाणी वाजवायची होती. दुसरं गाणं त्यांनी असं निवडलं की त्याला अजून नावही नव्हतं. पुढे ते 'सो. सेंट्रल रेन' या नावाने 'रेकनिंग' या १९८४ च्या अल्बमवर आलं. विकायला ठेवलेली रेकॉर्ड सोडून नावही न ठरलेलं गाणं राष्ट्रीय वाहिनीवर वाजवण्याचा आत्मविश्वास रोज रात्री नव्या गावात नवी गाणी तपासून पाहण्यातून येतो.

१९८५ हे वर्ष वाईट गेलं. तिसऱ्या अल्बमसाठी निर्माते जो बॉइड यांच्याकडे लंडनला गेले. थंडी, पाऊस, घरापासून दूर, आणि वर्षानुवर्षांच्या दौऱ्यांचा शीण. बँड मोडण्याच्या बेतात आला होता. मोडला नाही. पैशाचं आणि श्रेयाचं भांडण आधीच मिटलेलं असल्यामुळे उरला तो फक्त थकवा, आणि थकवा घरी गेल्यावर उतरतो. १९८६ मध्ये डॉन गेमन या निर्मात्याने स्टाइपला स्पष्ट गायला लावलं. १९८७ च्या 'डॉक्युमेंट'मधलं 'द वन आय लव्ह' नवव्या क्रमांकावर पोहोचलं, अल्बमच्या दहा लाखांवर प्रती गेल्या, आणि डिसेंबरमध्ये 'रोलिंग स्टोन'ने मुखपृष्ठावर त्यांना अमेरिकेतला सर्वोत्तम रॉक बँड म्हटलं. व्हॅनमधून निघाल्याला सात वर्षं झाली होती. दर वर्षी एक रेकॉर्ड, दर वेळी आधीपेक्षा थोडे जास्त श्रोते. एकाही टप्प्यावर उडी नाही.

१९८८ मध्ये आय.आर.एस.चा करार संपला. मोठ्या कंपन्या रांगेत होत्या आणि वॉर्नरपेक्षा जास्त पैसे देणाऱ्याही त्यांत होत्या. चौघांनी वॉर्नर निवडली, कारण काय वाजवायचं आणि कसं वाजवायचं यात ढवळाढवळ करणार नाही असं तिने मान्य केलं. त्याच सप्टेंबरमध्ये बिलबोर्डने एक नवी यादी सुरू केली: मॉडर्न रॉक. विद्यापीठांच्या केंद्रांवर वाढलेलं हे संगीत वाजवणारी व्यापारी केंद्रंही एव्हाना इतकी झाली होती की त्यांची वेगळी मोजदाद करणं बाजाराला भाग पडलं. नोव्हेंबरमध्ये आर.ई.एम.चा वॉर्नरसाठीचा पहिला अल्बम 'ग्रीन' आला आणि त्यातलं 'ऑरेंज क्रश' त्या यादीत पहिल्या क्रमांकावर जाऊन आठ आठवडे तिथेच राहिलं. अमेरिकेत ते सिंगल म्हणून दुकानात विकायला आलेलंच नव्हतं. ते फक्त रेडिओवर वाजत होतं.